इशारा क्रमांक त्रेचाळीस

टेबलाखालून दोन पाय बाहेर आलेले होते, आणि भिंगरीने आपला सगळा राग त्या पायांवर काढला.

वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर शनिवारी चार वाजता ‘पाटी’ वापरणाऱ्यांची बैठक भरते, असं तिने दारावरच्या कागदावर वाचलं होतं. ती पावणेचारलाच येऊन पोचली. खोलीत दहाबारा खुर्च्या होत्या, खडखडणारा एक पंखा होता, आणि टेबलाखाली कसलीशी वायर जोडत पडलेलं कुणीतरी होतं. पंधरा मिनिटं गप्प बसणं भिंगरीला जन्मात कधी जमलेलं नव्हतं. घरात तिला हे नाव काही उगाच पडलं नव्हतं. तेव्हा तिने त्या पायांनाच विचारलं, की इथे तक्रार कुणाकडे करायची. पाय काही बोलले नाहीत. मग तिने सरळ तक्रारच सांगायला घेतली.

ती लिफ्टच्या कंपनीत काम करत होती. लिफ्ट दुरुस्त करणारे कारागीर जी जाडजूड पुस्तिका हाताशी ठेवतात ती लिहिण्याचं काम. सहाशे पानं. त्या पानांत तिने जागोजागी स्वतःसाठी आणि सहकाऱ्यांसाठी टिप्पण्या लिहून ठेवल्या होत्या – हा बोल्ट अकराचा की बाराचा, ही तार आधी काढायची की नंतर. असे चाळीस प्रश्न. काल संध्याकाळी तिने फाइल साठवली, आज सकाळी उघडली, तर चाळीसच्या चाळीस गायब. पाटीने गिळून ढेकरही दिली नव्हती.

“ज्या कुणी ही पाटी बनवली आहे ना,” भिंगरी पायांना म्हणाली, “त्याला समोर बसवून सहाशे पानं हाताने लिहायला लावली पाहिजेत.”

पाय हलले. पायांमागोमाग चुरगळलेला सदरा आला, मग कोपरापर्यंत धूळ लागलेला हात, आणि शेवटी कपाळावर सरकवलेला चष्मा. चष्म्याखालचा चेहरा तिशीतला होता आणि जरा घाबरलेला होता.

“चाळीस… नक्की मोजले होते?”

“मोजलेच होते. का?”

“नाही, समोर बसवायचं म्हणालात म्हणून आलो.”

एरवी भिंगरीची बोलती बंद करणं सोपं नव्हतं. पण त्या दिवशी ती चक्क खुर्चीवर बसली, आणि पर्समधून काहीतरी काढायचं असल्यासारखं पर्स उघडून आत बघत राहिली.

आता पाटी म्हणजे काय हे सांगायला हवं, नाहीतर पुढची सगळी गोष्ट अधांतरी राहील. अशा मोठ्या पुस्तिका साध्या पत्रासारख्या लिहीत नाहीत. मजकुराच्या प्रत्येक तुकड्याला तो कोण आहे हे सांगणारी खूण लावावी लागते: हे शीर्षक, ही पायरी, हा तक्ता, हा इशारा, ही टिप्पणी. खुणा नीट असल्या की पुढचं सगळं यंत्र आपोआप करतं. इशाऱ्याला चौकट आणि त्रिकोण मिळतो, पायऱ्यांना आकडे मिळतात, आणि टिप्पणी छापलीच जात नाही, ती फक्त लिहिणाऱ्यांना दिसते. पण नुसत्या खुणांच्या जंगलात लिहायचं म्हणजे डोळे फुटायची वेळ येते. पाटी हा संगणकावर लिहिण्याचा प्रोग्राम; ती त्या खुणा मागे लपवते आणि समोर छापल्यासारखं स्वच्छ पान दाखवते. ती ओपन सोर्स होती, म्हणजे कुणीही घ्यावी, आत डोकावावं, बिघडलेलं दुरुस्त करावं. हा माणूस आठ वर्षं ती दुरुस्त करत होता. पोटापाण्यासाठी परिचारिकांच्या विद्यालयात संगणक सांभाळायचा, आणि उरलेल्या वेळात पाटी.

त्याने पाऊण तास तिची फाइल उलटीपालटी केली. तक्त्याच्या आतली टिप्पणी पाटी साठवतच नव्हती, चूक शंभर टक्के पाटीची होती, आणि हे त्याने आढेवेढे न घेता कबूल केलं. मंगळवारपर्यंत नीट करून देतो म्हणाला. जाताना तिने विचारलं, की मंगळवारी नाही झालं तर? तो म्हणाला, तर बुधवारपासून सहाशे पानं लिहायला घेतो.

मंगळवारी सकाळी नवीन पाटी आली. भिंगरीने ती अर्ध्या तासात तपासली आणि दुसरी चूक शोधून काढली. खरं सांगायचं तर ती चूक एवढी मोठी नव्हती. पण तिने कळवली.

असं सुरू झालं. चूक नेमकी कुठे होते हे बघायला त्याला तिची प्रकरणं लागायची, म्हणून ती एकेक प्रकरण त्याच्याकडे पाठवायची आणि तो दुरुस्तीसह परत पाठवायचा. एकदा पाचवं प्रकरण परत आलं तेव्हा तिच्या बोल्टच्या प्रश्नाखाली एक नवीन टिप्पणी होती. ‘बाराचा. दुसऱ्या प्रकरणात तुम्हीच लिहिलं आहे.’

तिने तिथेच खाली लिहिलं: ‘माझं पुस्तक तपासता की वाचता?’

‘तपासायला घेतो. मग वाचत बसतो.’

‘लिफ्टच्या ब्रेकबद्दल वाचत बसणारा माणूस मी पहिल्यांदाच बघितला.’

‘अजून नीट कुठे बघितलाय? शनिवारी चष्मा पुसून येणार आहे.’

आणि शनिवारी तो खरोखर चष्मा पुसून आला. भिंगरीने ते बघितलं, बघितलं नाही असं दाखवलं, आणि बैठकभर तिला पाटीबद्दल कुणी काय बोललं त्यातलं अक्षर कळलं नाही.

तो बोलण्यात अगदी कमी होता. समोर असला की तिच्या चार वाक्यांना त्याचं अर्धं. लिहायला लागला की मात्र त्याला कंठ फुटायचा. तो तिला ‘तक्रारबाई’ म्हणायला लागला, ती त्याला ‘पाटीवाले’ म्हणायला लागली, आणि सातव्या प्रकरणापर्यंत अशी वेळ आली की पुस्तिकेत बोल्टपेक्षा टिप्पण्या जास्त झाल्या. टिप्पण्या छापल्या जात नाहीत याचं भिंगरीला मोठं सुख होतं. लिफ्टच्या दाराची साखळी कशी ताणावी हे कारागीर वाचतील, आणि त्याच साखळीच्या पोटात तिला कुठला रंग शोभतो हे कुणीतरी लिहिलं होतं ते कुणालाही कधी कळणार नाही.

बैठक संपली की दोघं बसथांब्यापर्यंत चालत जायची. एका शनिवारी मध्येच पाऊस लागला. त्याने सदऱ्याची वरची बटणं काढून लॅपटॉप आत घातला, पोटाशी धरला, आणि स्वतः खुशाल भिजत राहिला. तिच्याकडे छत्री होती. तिने ती मुद्दाम लगेच उघडली नाही.

“पाटीला जपता तेवढं स्वतःला जपत नाही तुम्ही.”

“पाटीत तुमचं नववं प्रकरण आहे,” तो म्हणाला.

तिने छत्री उघडली. छत्री लहान होती, आणि त्याचा एक खांदा शेवटपर्यंत बाहेर राहिला. तो आणखी जवळ येईल म्हणून ती वाट बघत होती, आणि तो आला नाही म्हणून तिला राग येत होता, आणि राग आला म्हणून स्वतःचं हसू येत होतं. बस आली तेव्हा त्याने फक्त तिच्या बाहीवरचे थेंब दोन बोटांनी झटकले. एवढंच. त्या बाहीने भिंगरीला सबंध आठवडा स्वस्थ बसू दिलं नाही.

घरी दादा आणि वहिनी. दादाच्या लक्षात यायला घर पेटावं लागतं, पण वहिनीच्या नजरेतून काही सुटायचं नाही. जेवताना भिंगरी तीनदा उठून फोन बघून आली, तेव्हा वहिनी पुढ्यातलं ताट तिच्याकडे सरकवत म्हणाली, की ज्याच्यासाठी ही परेड चालली आहे त्याला एकदा घरीच आण, म्हणजे एका जागी बसून जेवशील तरी. भिंगरीने कानावर हात ठेवले. फाइलची वाट बघतेय, कामाची फाइल आहे, असं म्हणाली. वहिनी म्हणाली, हो, फाइल उंच आहे की बुटकी तेवढंच सांग. दादाने विचारलं, कसली फाइल? दोघींपैकी कुणीच त्याला उत्तर दिलं नाही.

तीन महिने असे गेले. सतरा प्रकरणांची पुस्तिका संपत आली. आणि एका शनिवारी, बसथांब्याच्या अलीकडच्या वळणावर, तो थांबला.

त्याने चपलेने एक खडा बाजूला सारला आणि सांगितलं. एका दूरच्या संस्थेने त्याला बोलावलं होतं. दोन वर्षांसाठी. काम एकच: पाटी. दुसरं काहीही नाही, दिवसभर फक्त पाटी, आणि मदतीला आणखी दोन माणसं. होय-नाही कळवायला नऊ दिवस होते. पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या सोमवारी दुपारी बारापर्यंत.

बोलून झाल्यावर त्याने मान वर केली आणि तिच्याकडे बघत राहिला.

दोन वर्षं, हे शब्द भिंगरीच्या डोक्यात घणासारखे आपटत होते. आपलं तोंड आता वेडंवाकडं होणार, हे कळून ती घाईघाईने म्हणाली, “मग जायलाच हवं. अशी संधी कुणी सोडतं का?”

“हो… ते आहेच,” तो म्हणाला.

“आठ वर्षं राबलात.”

“हो.”

बस आली. ती चढली. खिडकीतून बघितलं तेव्हा तो अजून तिथेच उभा होता, आणि त्याने हात वर केला तोवर बस वळली होती. आपण एवढ्या पटकन का बोललो, म्हणून तिने स्वतःला घरापर्यंत शिव्या घातल्या.

पुढचे दिवस तिने कसे काढले ते विचारू नका. टेबलावरचा चहा तीनतीनदा गार व्हायचा. ती जिना चढून वर जायची आणि कशाला आलो ते विसरून खाली यायची. त्याने एक शब्द तरी लिहावा. रागाचा, थट्टेचा, कसलाही. सतरावं प्रकरण अजून त्याच्याकडे होतं आणि ते परत येईल तेव्हा त्यात काहीतरी असणारच, या एका गोष्टीवर तिचा जीव टांगलेला होता.

बुधवारी सकाळी प्रकरण आलं. पाटीच्या खालच्या कोपऱ्यात आकडा येतो, फाइलमध्ये किती टिप्पण्या आहेत त्याचा. तिने फाइल उघडली आणि थेट कोपऱ्याकडे बघितलं. टिप्पण्या: शून्य.

तिने फाइल बंद करून पुन्हा उघडली. शून्य. आतापर्यंत एक प्रकरण असं नव्हतं, की ज्यात त्याने काही लिहिलं नाही. सगळं संपलं, असं तिने ठरवून टाकलं. मजकूर एकदा वाचलेलाच होता, तो पुन्हा वाचायची तिच्यात ताकद नव्हती. तिने ते प्रकरण तसंच पुस्तिकेत जोडलं, पुस्तिका कच्च्या छपाईला पाठवली, आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडली.

शनिवारी ती तरीही वाचनालयात गेली. चारला गेली, साडेपाचपर्यंत बसली. तो आला नव्हता. आठ वर्षांत पहिल्यांदा आला नाही, असं बाजूचे गृहस्थ म्हणाले.

आता भिंगरीच्या कचेरीची एक रीत सांगायला हवी. फोरमनकाका तिथले सगळ्यांत जुने कारागीर. त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं अर्धीच आहेत. ऐन विशीत लिफ्टच्या दारात गेली, कारण त्या काळच्या पुस्तिकेत इशारा पायरीच्या आधी नव्हता, पान उलटल्यावर मागच्या बाजूला होता. तेव्हापासून काकांनी नियम घालून दिला. कुठलीही पुस्तिका पक्की छापायच्या आधी तिच्यातले सगळे इशारे एकत्र काढायचे आणि मोठ्याने वाचायचे. ऐकणाऱ्यांनी उभं राहून ऐकायचं, आणि प्रत्येक इशाऱ्यानंतर एकेकाने ‘समजलं’ म्हणायचं. एकही गाळायचा नाही. इशारे एकत्र काढायचं काम यंत्र करतं. खुणेवरून ओळखतं आणि पहिल्या पानांवर क्रमांक घालून मांडतं.

सोमवारी सकाळी अकराला वाचन सुरू झालं. खोलीत पाच जण होते: वाचणारे काका, कचेरी चालवणाऱ्या मोठ्या बाई, दोन कारागीर आणि भिंगरी. तिचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळात होतं. बारा वाजता तिकडे उत्तर जाणार, बारानंतर काहीच उरणार नाही. मुख्य वीज बंद केल्याशिवाय पॅनेल उघडू नये. समजलं, समजलं, समजलं, समजलं. पिंजऱ्याच्या छतावर एकट्याने चढू नये. समजलं. ती आपली पाळी आली की बोलत होती, पण कान तिथे नव्हते.

“इशारा बेचाळीस,” काकांनी अर्ध्या बोटाने ओळ धरली. “साखळी सैल असताना दार हाताने ओढू नये.”

समजलं, समजलं, समजलं, समजलं.

“इशारा त्रेचाळीस. सोमवारी बारापर्यंत मला उत्तर द्यायचं आहे.” काका थांबले. चष्मा वर केला, खाली केला. मोठ्या बाईंनी पुढे वाकून कागद बघितला. चौकट होती, त्रिकोण होता, क्रमांक होता. त्या म्हणाल्या, हे काय आहे? काका म्हणाले की काय आहे ते कळत नाही, पण इशारा आहे, आणि अर्धा वाचून सोडायचा नाही असा नियम आहे. आणि त्यांनी त्याच खड्या, सपाट आवाजात पुढे वाचलं.

“जायलाच हवं, असं तुम्ही म्हणालात. इतक्या पटकन म्हणालात, की मला वाईट वाटलं. मला तुम्ही आवडता. तीन महिने झाले, शनिवार कधी येतो म्हणून शुक्रवारी माझ्या हातून काही काम होत नाही. तोंडाने सांगायला गेलो तर नुसता खडा सरकवत बसतो, म्हणून इथे लिहितो आहे. तुम्ही नुसतं नको म्हणालात तरी मी थांबेन. उत्तर आलं नाही, तर विचारायला नको होतं असं समजेन, आणि पुन्हा हा विषय काढणार नाही.”

पहिला कारागीर सवयीने म्हणाला, “समजलं.” त्याच्यामागोमाग दुसराही म्हणाला. मोठ्या बाईंनी ओठ आवळले, छताकडे बघितलं आणि अगदी गंभीरपणे म्हणाल्या, “समजलं.”

चौघं भिंगरीकडे बघायला लागले. तिचा चेहरा कानांपर्यंत तापला होता आणि दोन्ही हात टेबलाची कड धरून होते. तो बोलला होता. बुधवारीच बोलला होता, आणि ती पाच दिवस शून्याकडे बघून रडत बसली होती.

“समजलं,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला.

घड्याळात अकरा वाजून बावीस मिनिटं झाली होती. मोठ्या बाईंनी विचारलं, की उरलेले एकवीस इशारे आम्ही ऐकून घेतले तर चालेल ना? काका म्हणाले, तो त्रेचाळीस मी माझ्या हाताने काढून ठेवतो, क्रमांक पुढचे आपोआप बदलतील, पाटी करते ते. एवढं बोलेपर्यंत भिंगरी दारातून बाहेर गेली होती. छत्री, डबा, सगळं मागेच राहिलं.

वाटेत तिने त्याला चार वेळा फोन लावला. फोन बंद. परिचारिका विद्यालय बसने वीस मिनिटांवर होतं. दोन थांबे उरले असताना बस अडकली, तेव्हा ती उतरून पळत सुटली आणि सतरा मिनिटांत पोचली. तिसऱ्या मजल्यावर संगणकांची खोली. दारावर मोठा कागद: परीक्षा चालू, शांतता राखा. काचेतून आत बघितलं तर पांढऱ्या गणवेशातल्या तीसचाळीस मुली पडद्यांकडे डोळे लावून बसलेल्या, आणि कोपऱ्यात तो.

त्याने तिला बघितलं. आधी दचकला, मग देखरेख करणाऱ्या बाईंना काहीतरी सांगून बाहेर आला आणि दार अगदी हळू लावून घेतलं.

“तुम्ही… इथे?”

“ते मी आत्ता ऐकलं,” ती धापा टाकत म्हणाली. “आत्ता. अर्ध्या तासापूर्वी. फोरमनकाकांनी वाचून दाखवलं, पाच माणसांत.”

त्याला काही उमगेना. तिने तुटक तुटक सांगितलं: टिप्पणी नव्हतीच, इशारा होता, चौकटीत, त्रिकोणासकट. त्याचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. भिंतीला टेकून तो कितीतरी वेळ बोटं मोजल्यासारखं करत राहिला. टिप्पणीची खूण आठ वर्षं कीबोर्डच्या सातच्या कळीवर होती. भिंगरीनेच हट्ट धरला होता, की खुणांच्या यादीत ती फार खाली आहे, वर आणा. त्याने तिच्यासाठी ती सहावर आणली होती, आणि सातवर आला होता इशारा. त्याच्या हाताने मात्र जुनीच कळ दाबली.

“पण चौकट दिसली असेल ना समोर!”

“पडद्याकडे बघतच नव्हतो,” तो म्हणाला. “बघितलं असतं तर पुसून टाकलं असतं. डोळे मिटून लिहिलं आणि पाठवून दिलं.”

तिला हसू फुटलं, आणि तोंडावर हात धरूनच ती हसली, कारण आत परीक्षा चालू होती. तो मात्र हसला नाही.

“मी वाट बघितली,” तो म्हणाला. “शनिवारी यायचं धाडस झालं नाही. मग आज दहा वाजता… कळवून टाकलं. येतो म्हणून.”

ती भिंतीशी ठेवलेल्या बाकावर बसली. दहा वाजता. काकांनी वाचायला सुरुवात करायच्या एक तास आधी.

“अजून बारा वाजले नाहीत,” तो घाईने म्हणाला. खिशातून फोन काढून त्याने चालू केला. “बारापर्यंत बदलता येतं. पंधरा मिनिटं आहेत. तुम्ही म्हणा, मी आत्ता नाही म्हणून कळवतो. आनंदाने कळवतो.”

आणि तो कळवणार होता, हे तिला त्याच्या डोळ्यांत स्वच्छ दिसत होतं. एक शब्द पुरला असता. तिला तो शब्द म्हणायचा होता, इतका, की जीभ दातांखाली धरावी लागली. शनिवार, बसथांबा, छत्री, सगळं होतं तसं राहिलं असतं. आणि हा माणूस परिचारिकांच्या परीक्षांमधून वेळ चोरून, उरलेल्या अर्ध्या तासात, आणखी आठ वर्षं पाटी दुरुस्त करत राहिला असता. तक्रार कधी केली नसती त्याने. तेच तिला सहन झालं नसतं.

“फोन इकडे दे,” ती म्हणाली.

तीन महिन्यांत ती पहिल्यांदा त्याला अरेतुरे करत होती. त्याने मुकाट्याने फोन दिला.

“तू जा. मला तू आवडतोस. फार आवडतोस, मघापासून नाही, त्या टेबलाखालून निघालास तेव्हापासून. आणि तरीही तू जा.”

“दोन वर्षं आहेत,” तो म्हणाला. त्याचा आवाज एकदम बारीक झाला होता.

“माहीत आहे.”

“तू वाट बघशील?”

“वाट बघणं मला जमत नाही, घरी कुणालाही विचार. मी येईन. पहिली रजा मिळाली की येईन, दुसरी मिळाली की परत येईन. तिथे लिफ्ट असतीलच ना कुठेतरी. मग त्यांना पुस्तिकाही लागत असेल.”

तो तिच्याशेजारी बसला. तिने फोन दोन्ही हातांत घट्ट धरला होता. “बारा वाजेपर्यंत इथेच बस,” ती म्हणाली. “आणि मी सांगितलं तरी काही कळवू नकोस. मला माझा भरवसा नाही.”

समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं. अकरा एकावन्न. अकरा त्रेपन्न. आतून कळा दाबल्याचा आवाज येत होता. अकरा पंचावन्नला ती म्हणाली, “अजूनही वेळ आहे,” आणि तो म्हणाला, “हो.” अठ्ठावन्नला त्याने आपला हात तिच्या मनगटावर ठेवला. काटा हलला.

बारा वाजले.

तिने फोन त्याच्या हातात परत दिला. “झालं,” ती म्हणाली. “आता जाणार तू.”

“आणि येणार तू,” तो म्हणाला.

तिने मान हलवली आणि मग तिला आवरेना. ती रडायला लागली, अगदी लहान मुलासारखी, आवाज करून. त्याला आधी हात कुठे ठेवावेत तेच कळेना. मग कळलं. परीक्षा सुटली होती, दार उघडून गणवेशातल्या मुली बाहेर पडत होत्या, आणि त्यातल्या एकीने बाकाकडे बघून मैत्रिणीच्या कानात काहीतरी सांगितलं. दोघी आवाज न करता, पावलं दाबत जिन्याकडे गेल्या.